पाच वाव पाणी

रुझारच्या खडपाला नाव नाही.
त्याचा बाप त्याला नुसतं ‘तें’ म्हणायचा
आणि घरात सगळ्यांना कळायचं.

बोगमाळोहून अंधारातच निघालो,
तो, मी, त्याचा भाचा आग्नेल,
एक निळं पिंप, त्यात माझे कागद,
कालचे उंडे आणि खारा बांगडा.

बेटाच्या पाठीमागे त्याने इंजिन बंद केलं.
‘यंत्र राहू दे,’ म्हणाला,
मी पिशवीत हात घालायच्या आतच.
मग किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला,
सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करून.
टेकडीवरचा पांढरा खुरीस
सरकत सरकत एका वाकड्या माडामागे गेला
आणि उजवीकडे दीपस्तंभ बेटाच्या नाकाला टेकला.
‘हं. आता पोटाखाली आहे आपल्या.’

पाणी गढूळ. हातभर खाली काही दिसेना.
त्याने शिसं सोडलं, दोरी मला धरायला दिली.
वाळू असली तर मुकी येते,
कातळ असला तर ठक्क,
आणि तें असलं तर
दोरीला कुणी हलकेच दात लावल्यासारखं.
पाच वाव. दात लागले.

मी खाली उतरले.
मंगळासाठी बोटात घालतात तसलं लाल पोवळं नव्हे हे.
शेवाळी, तपकिरी, जुन्या पितळेचा रंग,
एकावर एक कलंडलेल्या ताटांसारखं,
मध्येच एखादा गोळा, सुरकुतलेला, जिवंत.
वीतभर रुंद व्हायला त्याला लागली असतील
माझ्या मुलीची आजवरची सगळी वर्षं.
एक लहान मासा माझ्या काचेवर येऊन
मला हाकलत राहिला.

आणि मग ओरखडा.
सरळ होता. समुद्रात सरळ काही नसतं,
म्हणून लांबूनच ओळखू येतो.
तीन ताटं फुटलेली, कडा पांढऱ्याशुभ्र,
अजून शेवाळ धरलेलं नाही.

वर आल्यावर रुझारने एकच विचारलं,
‘कधीचा?’
‘आठवड्याचा असेल. नांगर ओढलाय.’
‘रविवार,’ तो म्हणाला.
‘बारा पर्यटक, एक नांगर.
पण त्यांना कुणी सांगितलं?’
आग्नेल दोरी गुंडाळत होता,
आधीच गुंडाळलेली.

रुझारने ते पाहिलं. उंडा मोडला,
अर्धा भाच्यापुढे ठेवला, काही बोलला नाही.

मी कागद काढले.
संरक्षित अधिवासाचा प्रस्ताव, नकाशा,
चार कोपरे भरायचे, अक्षांश, रेखांश.
‘हा वाचणार कोण?’
‘सगळे. जाहीर करावाच लागतो.’
‘मग आज एक नांगर आहे, उद्या तीस.’
‘आणि लिहिलंच नाही, तर त्या एकालाही कुणी अडवणार नाही.’

बराच वेळ होडी नुसती डुलत राहिली.
पिंपावर पाणी चापट्या मारत होतं.

‘लिही,’ तो म्हणाला.
‘पण चौकट मोठी काढ.
इतकी मोठी, की तें कुठे आहे
हे चौकटीलासुद्धा कळू नये.’
‘त्यात तुमची गरीही बंद होईल, मामा.’
‘तामसो येतोय कुठे आता,’ म्हणाला
आणि बांगड्याचा काटा पाण्यात टाकला.

तेव्हा आग्नेल पहिल्यांदा बोलला,
आमच्या कुणाकडेच न बघता.
‘पलीकडे वाळू आहे. शंभर हातांवर.
तिथं धोंडा टाकू, हे पिंप बांधू.
पिंप दिसलं की बोटवाले त्यालाच बांधतात,
नांगर टाकायचा कंटाळा असतो त्यांना.’
जरा थांबला.
‘मला माहीत आहे.’

परतताना कागद माझ्या मांडीवर,
पिंप रिकामं, आग्नेलच्या दोन्ही पायांत धरलेलं.
शिंतोडे उडत होते, मी पदराने पुसत होते.
खुरीस माडामागून हळूच बाहेर आला,
नुसता खुरीस झाला, नुसता माड.

चौकट मी मोठी काढली.
कचेरीत विचारलं, एवढी कशाला,
तर म्हटलं, गाळ लांबून येतो.
तेही खोटं नाही.

माड मात्र माझ्या लक्षात राहिलाय,
कोणता, किती वाकडा.
हे मी रुझारला सांगितलेलं नाही.